घटक ५ : मुलाची भाषा – नियम, नियमभंग आणि मर्यादा

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :

– लहान मुलाच्या बोलण्यातील ‘चुकां’मागील नियम शोधून दाखवता येतील.
– उत्सर्ग, अपवाद, सादृश्य आणि अतिसामान्यीकरण या संकल्पना मराठी उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
– मूल कोणते नियम मोडते, कोणते मोडत नाही आणि आपल्या नियमभंगाची मर्यादा त्याला कशी कळते, हे सांगता येईल.
– वाढीतील रूप, बोलीतील रूप आणि पहिल्या भाषेचा प्रभाव यांत फरक करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा ही नियमबद्ध व्यवस्था आहे, हे आपण मागील घटकांत पाहिले. या घटकात त्याच विधानाची पारख आपण एका अवघड ठिकाणी करणार आहोत. तीन-चार वर्षांचे मूल भाषेचे नियम सर्रास मोडताना दिसते. ते ‘केला’ऐवजी ‘करला’ म्हणते, ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’ म्हणते. घरातली माणसे हसतात, कौतुक करतात, कधी दुरुस्त करतात. पुढे काही वर्षांत ही रूपे आपोआप नाहीशी होतात. मग प्रश्न असा की, मुलाने नियम मोडला म्हणजे नेमके काय केले? आणि मोडण्याला कुठे मर्यादा आहे, हे त्याला कोणी शिकवले?

या घटकातील उदाहरणे मुख्यतः चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या परिसरातील आहेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तरी झाडीपट्टीचे भाषिक जीवन दोन्हीकडे सलग आहे. येथे प्रमाण मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली अशा अनेक भाषा शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे ‘नियम कोणाचा?’ हा प्रश्न येथे पहिलीच्या वर्गात रोज उभा राहतो. आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत किंवा होणार आहेत. त्यांच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर केवळ परीक्षेपुरते नाही.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ एक वाक्य आणि त्यातील एकच चूक

सिंदेवाही तालुक्यातील एका गावात चैत्राच्या सकाळी ऐकलेले हे बोलणे पाहा. पहाटे मोहफुले वेचून आजी आणि तिची साडेतीन वर्षांची नात घरी आल्या होत्या. अंगणात फुले ओतून झाल्यावर नात म्हणाली, “मी फुलं वेचली, टोपली भरली आन् ढीग करला.”

आजी म्हणाली, “हो का वो बाई? एवढा ढीग तू केला?”

नात ठासून म्हणाली, “हो, मीच करला.”

आजीने पुढे काही म्हटले नाही. दोघी फुले पसरू लागल्या.

आता या वाक्याचे व्याकरण करू. चूक एकच आहे : ‘केला’च्या जागी ‘करला’. परंतु त्याच रूपात काय काय बरोबर आहे, ते मोजा. मुलीने ‘कर’ हा धातू वेगळा ओळखला. भूतकाळाचा ‘ल’ हा प्रत्यय त्याला योग्य जागी, म्हणजे धातूच्या पुढे जोडला. वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बोलणारी स्वतः मुलगी असूनही तिने ‘करली’ म्हटले नाही. ‘ढीग’ हे कर्म पुल्लिंगी, एकवचनी, म्हणून ‘करला’ म्हटले. ‘फुलं वेचली’मध्ये नपुंसकलिंगी अनेकवचन आणि ‘टोपली भरली’मध्ये स्त्रीलिंगी एकवचन तिने अचूक सांभाळले. पदवीच्या वर्गात कर्मणी प्रयोग समजावताना आपल्याला जो तास लागतो, तो प्रयोग हे मूल मोहाच्या ढिगाशेजारी बसून बिनचूक वापरत होते.

म्हणजे एका रूपात तिने एक गोष्ट मोडली आणि चार-पाच गोष्टी पाळल्या. मोडलेली गोष्ट कोणती, हे आता पाहू.

५.२.२ उत्सर्ग आणि अपवाद

भारतीय व्याकरणपरंपरेत सामान्य नियमाला ‘उत्सर्ग’ आणि त्याला बाधा आणणाऱ्या विशेष नियमाला ‘अपवाद’ म्हणतात. पतंजलीने ‘महाभाष्या’च्या आरंभी एक कथा दिली आहे. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून शब्दविद्या शिकवायला घेतली. हजार दिव्य वर्षे लोटली तरी शब्द संपेनात. तात्पर्य असे की, भाषा शब्दाशब्दाने शिकता येत नाही. सामान्य नियम आणि त्याचे अपवाद, या मार्गानेच ती आवाक्यात येते.

लहान मूल नेमके हेच करते. त्याच्या कानांवर पडला, भरला, सरला, हरला, चरला, उठला अशी रूपे पडतात. त्यांतून ते एक उत्सर्ग काढते : धातूला ‘ल’ जोडला की झालेली गोष्ट सांगता येते. मग ‘भर–भरला’, तसे ‘कर–करला’. या प्रक्रियेला ‘सादृश्य’ म्हणतात. नियमाची व्याप्ती अपवादांच्या क्षेत्रातही नेली, तर त्याला ‘अतिसामान्यीकरण’ म्हणतात. येला (आला), मरला (मेला), देला (दिला), घेला (घेतला), होला (झाला) ही रूपे याच साच्यातली आहेत.

म्हणून ‘मुलाने नियम मोडला’ हे विधान काटेकोर नाही. मुलाने नियम पाळला आणि अपवाद मोडला, असे म्हणायला हवे.

येथे भाषेच्या इतिहासाचीही साक्ष आहे. ‘केला’ हे रूप संस्कृत ‘कृत’पासून, ‘गेला’ हे ‘गत’पासून, ‘मेला’ हे ‘मृत’पासून प्राकृतातून आले. आज अनियमित भासणारी ही रूपे पूर्वीच्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. ती टिकली, कारण ती रोज शेकडो वेळा वापरली जातात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या अनियमित रूपांना असे संरक्षण मिळत नाही. ती हळूहळू उत्सर्गाच्या ताब्यात जातात. ‘प्याला’च्या जागी ‘पिला’ हे रूप आज अनेक मोठ्या माणसांच्या बोलण्यातही रुळले आहे. एका मुलाचा नियमभंग चूक ठरतो. समाजाने स्वीकारलेला नियमभंग भाषिक परिवर्तन ठरतो.

नामांच्या बाबतीत हीच गोष्ट दोन्ही दिशांनी घडते. ‘घोडा, कुत्रा, आंबा’ या आकारान्त पुल्लिंगी नामांचे सामान्यरूप ‘घोड्या-, कुत्र्या-, आंब्या-’ असे होते. सुरुवातीला मूल ‘घोडाला’ म्हणते, म्हणजे सामान्यरूपाचा नियम त्याला अजून सापडलेला नसतो. नियम सापडला की ते ‘काक्याला’, ‘राज्याला’ असे म्हणू शकते. परंतु ‘काका, मामा, राजा’ ही नामे या नियमाला अपवाद आहेत : काकाला, मामाला, राजाला. ‘काक्याला’ ऐकून घरचे म्हणतील की कालपर्यंत बरोबर बोलणारे मूल आज बिघडले. वास्तविक कालचे ‘काकाला’ हे ऐकून पाठ झालेले रूप होते. आजचे ‘काक्याला’ हे स्वतः घडवलेले आहे. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, असा हा प्रवास आहे आणि त्यातील मधली पायरी प्रगतीची आहे.

हे केवळ अनुकरण नाही, याचा प्रयोगसिद्ध पुरावा जीन बर्को यांनी १९५८ मध्ये दिला. त्यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून, इंग्रजीत अस्तित्वात नसलेल्या नामांची अनेकवचने आणि क्रियापदांची भूतकाळी रूपे विचारली. कधीही न ऐकलेली रूपे मुलांनी नियमानुसार तयार केली. हा प्रयोग आपण मराठीत करू शकता. “हा माणूस रोज झुबतो. कालही त्याने तेच केले. काल तो काय...?” असे विचारा. ‘झुबणे’ हा धातू मराठीत नाही. तरी मूल ‘झुबला’ म्हणेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) ‘मरला’ हे रूप मुलाने कोणत्या धातूंच्या सादृश्याने घडवले असेल? दोन धातू लिहा.
(आ) ‘राज्याला’ या रूपात मुलाने पाळलेला नियम आणि मोडलेला अपवाद सांगा.

५.२.३ मूल काय मोडत नाही?

मुलाच्या नियमभंगाला पहिली मर्यादा आतूनच असते. ‘घोडाला’ म्हणणारे मूल ‘लाघोडा’ म्हणत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतो, ही चौकट ते सहसा ओलांडत नाही. मूल शब्दांच्या शेवटांकडे विशेष लक्ष देते, असे डॅन स्लोबिन यांनी १९७३ मध्ये अनेक भाषांच्या तुलनेवरून मांडले होते. तसेच भूतकाळाचा ‘ल’ ते क्रियापदालाच जोडते. ‘आभाळ निळे होते’ या अर्थी ‘आभाळ निळले’ असे रूप आपल्याला सहसा ऐकू येणार नाही.

संख्येच्या दृष्टीनेही ही रूपे कमी असतात. गॅरी मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या ८३ मुलांच्या नोंदी तपासल्या. अनियमित क्रियापदांच्या भूतकाळी रूपांत अतिसामान्यीकरणाचे प्रमाण मध्यगेने सुमारे २.५ टक्केच आढळले. चुकीची रूपे आपल्या कानांत भरतात, म्हणून ती जास्त वाटतात. बरोबर रूपांकडे आपले लक्षच जात नाही.

५.२.४ मर्यादा कशी सापडते?

दुसरी मर्यादा बाहेर, ऐकणाऱ्यांच्या भाषेत असते. ती मुलाला कशी कळते? दुरुस्तीने कळते, असा सर्वसाधारण समज आहे. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये आई-मुलांच्या संवादांचे विश्लेषण केले. आई होकार किंवा नकार देते तो बहुधा वाक्याच्या खरेखोटेपणाला, व्याकरणाला नव्हे, असे त्यांना दिसले. व्याकरण चुकलेले पण खरे वाक्य स्वीकारले जाते. व्याकरणशुद्ध पण खोटे वाक्य नाकारले जाते.

आपल्या उदाहरणातील आजी पुन्हा आठवा. ढीग नातीने केला होता, ही गोष्ट खरी होती आणि आजीने ती मान्य केली. मात्र मान्य करताना तिच्या तोंडी आपसूक ‘केला’ हे रूप आले. अशा प्रतिसादाला आपण ‘पुनर्कथन’ म्हणू. त्या क्षणी नातीने ते उचलले नाही. ‘मीच करला’ असेच ती म्हणाली, कारण तिच्या दृष्टीने वाद ढीग कोणी रचला याचा होता. परंतु ‘केला’ हे रूप तिच्या कानांवर पुन्हा पुन्हा पडत राहील. आजी, आई, शेजारीण, बाजारातला दुकानदार यांपैकी कोणीच ‘करला’ म्हणत नाही, हे तिच्या मनात साठत जाईल आणि एके दिवशी ‘करला’ मागे पडेल. तिला आपली मर्यादा कळेल ती ऐकता ऐकता. कोणी रागावल्याने नव्हे.

मर्यादा कळल्याचा पुरावा मुले स्वतःच देतात. सहा-सात वर्षांची मुले ‘च’ची भाषा बोलतात. तिच्या एका प्रकारात शब्दाच्या पहिल्या व्यंजनाच्या जागी ‘च’ येतो आणि ते व्यंजन शेवटी जाते : ‘मला भूक लागली’चे ‘चलाम चूकभ चागलील’ होते. हा जाणूनबुजून केलेला नियमभंग आहे. पण त्यालाही नियम आहे, आणि तो नियम ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर खेळ होत नाही. भाषा मोडायची तरी समोरच्याशी संकेत जुळलेला असावा लागतो, हे मुलाला खेळातून कळलेले असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) ‘पुनर्कथन’ आणि ‘दुरुस्ती’ यांतील फरक एका वाक्यात सांगा.
(आ) ‘च’ची भाषा हा नियमभंग असूनही नियमबद्ध का म्हणावा?

५.२.५ शाळेच्या दारात : नियम कोणाचा?

मूल शाळेत येते तेव्हा तिसरी मर्यादा सुरू होते. येथे ‘चूक’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र टाकल्या जातात.

*पहिली, वाढीतील रूपे.* ‘करला’, ‘घोडाला’ ही रूपे घरातील मोठी माणसे बोलत नाहीत. ती तात्पुरती असतात आणि वयाबरोबर जातात.

*दुसरी, बोलीतील रूपे.* झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो : पानी, कोन. विदर्भात इतरत्र ऐकू येणारी ‘मी जेवून राहिलो’ (मी जेवत आहे) किंवा ‘उद्या येजो’ अशी रूपेही आपल्या परिसरात सापडतात. मुलाचे आईवडील आणि आजीआजोबा असेच बोलतात. येथे मुलाने काहीही मोडलेले नाही. त्याने आपल्या बोलीचा नियम अचूक पाळला आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे स्वरूप तपशिलाने मांडले आहे. ती प्रमाण मराठीची बिघडलेली प्रत नसून स्वतंत्र नियम असलेली बोली आहे.

*तिसरी, पहिल्या भाषेचा प्रभाव.* भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील माडिया मूल मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकते. गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. गोंडीत नामांचे मुख्य विभाजन पुल्लिंगी आणि अपुल्लिंगी असे दोन गटांत होते. मराठीत मात्र तीन लिंगे आहेत. दोन खणांत लावलेले जग या मुलाला तीन खणांत पुन्हा लावायचे असते. ‘भिंत’ स्त्रीलिंगी, ‘दार’ नपुंसकलिंगी आणि ‘दगड’ पुल्लिंगी का, याला अर्थाचा आधार नाही. अशा मुलाच्या लिंगव्यवस्थेत गफलत झाली, तर ती बुद्धीची उणीव नव्हे. दोन व्यवस्थांमधून वाट काढताना शिकणारा जी तात्पुरती भाषा घडवतो, तिला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘अंतरभाषा’ म्हटले. तिलाही तिचे नियम असतात.

या तिन्ही गोष्टींना एकच लाल शाई लावली, तर काय होते? येथे मी स्वतःचा एक अनुभव सांगतो. प्राध्यापकीच्या पहिल्या वर्षी, पावसाळ्यात, चार दिवस गैरहजर राहिलेल्या एका विद्यार्थ्याला मी वर्गात कारण विचारले. तो म्हणाला, “सर, बांधीत पानी नाही तं रोवना कसा होईल?” मी त्याला ‘पाणी’ म्हणायला लावले. तीन वेळा म्हणायला लावले. वर्ग हसला. तो खाली बसला आणि त्यानंतर वर्षभर माझ्या वर्गात बोलला नाही. भाषाविज्ञानात पदवी घेतलेल्या मला त्याचा ‘न’ ऐकू आला. बांधीत पाणी नाही, हे ऐकू आले नाही. त्याच्या बोलीचा नियम मला ठाऊक होता. तरीही मी त्याला नियम मोडणारा ठरवले.

तो विद्यार्थी वीस वर्षांचा होता. पहिलीतील मूल सहा वर्षांचे असते आणि त्याच्याजवळ गप्प बसण्याखेरीज दुसरे संरक्षण नसते. अशा मुलालाही मर्यादा समजते. पण ती ‘येथे असे बोलत नाहीत’ अशी न समजता ‘येथे मी बोलू नये’ अशी समजते. मुलाने स्वतः ऐकून शोधलेली मर्यादा त्याला भाषेत पुढे नेते. हसून आणि टोकून लादलेली मर्यादा त्याला भाषेबाहेर ठेवते.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये, असा नाही. अर्ज, परीक्षा, न्यायालय, वृत्तपत्र यांसाठी ती प्रत्येक मुलाला यायलाच हवी. ती न शिकवणे हाही अन्यायच ठरेल. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. ‘घरी पानी, पुस्तकात पाणी’ असे दोन पर्याय शेजारी ठेवले, तर मूल दोन्ही शिकते आणि कोणते कुठे वापरावे हेही शिकते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५०(क) मध्ये भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा निर्देश आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. या तरतुदी वर्गात उतरतात की नाही, हे शेवटी शिक्षकाच्या कानावर अवलंबून असते.

व्यवहारात फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत :

१. हे रूप मुलाच्या घरातील मोठी माणसे वापरतात काय? वापरत असल्यास ते बोलीरूप आहे. पर्याय द्यावा, चूक म्हणू नये.
२. मुलाची घरची भाषा वेगळी आहे काय? असल्यास त्या भाषेतील व्यवस्था माहीत करून घ्यावी.
३. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते बहुधा वाढीतील रूप आहे. पुनर्कथन करावे आणि वाट पाहावी.

५.३ सारांश

मूल भाषा शब्दाशब्दाने पाठ करत नाही. ऐकलेल्या रूपांतून उत्सर्ग शोधते आणि तो अपवादांच्या क्षेत्रातही लावून पाहते. ‘करला’सारखी रूपे हा नियमाच्या शोधाचा पुरावा आहे. मुलाच्या नियमभंगाला भाषेच्या रचनेची आतली मर्यादा असते. बाहेरची मर्यादा ते भोवतालची भाषा ऐकून शोधते. शाळेत मात्र वाढीतील रूपे, बोलीरूपे आणि पहिल्या भाषेचा प्रभाव यांत फरक न केल्यास नियम पाळणारे मूलही नियम मोडणारे ठरते. दुरुस्त करण्यापूर्वी मूल काय सांगत आहे हे ऐकणे, ही शिक्षकाची पहिली जबाबदारी होय.

५.४ पारिभाषिक शब्द

*उत्सर्ग* : सामान्य नियम.
*अपवाद* : उत्सर्गाला विशिष्ट ठिकाणी बाधा आणणारा नियम.
*सादृश्य* : एका रूपाच्या साच्यावरून दुसरे रूप घडवणे.
*अतिसामान्यीकरण* : नियमाची व्याप्ती अपवादांपर्यंत नेणे.
*पुनर्कथन* : मुलाचा आशय मान्य करून तोच रूढ रूपात परत म्हणणे.
*अंतरभाषा* : दुसरी भाषा शिकताना घडणारी तात्पुरती, पण नियमबद्ध भाषा.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सर–सरला, हर–हरला, भर–भरला यांपैकी कोणतेही दोन. (आ) आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त होते हा नियम पाळला, ‘राजा’ या नामाला तो लागत नाही हा अपवाद मोडला.
२. (अ) दुरुस्ती मुलाचे रूप चूक ठरवते. पुनर्कथन आशय स्वीकारून रूढ रूप कानांवर घालते. (आ) व्यंजनांची अदलाबदल ठरलेल्या पद्धतीने होते आणि ती दोघांनाही ठाऊक असावी लागते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मूल नियम मोडत नाही, अपवाद मोडते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. बोलीरूप आणि वाढीतील रूप यांतील फरक आपल्या परिसरातील प्रत्येकी चार उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. टीप लिहा : अतिसामान्यीकरण आणि भाषिक परिवर्तन.

५.७ क्षेत्रीय कार्य

पालकांची परवानगी घेऊन तीन ते पाच वर्षांच्या एका मुलाचे बोलणे चार आठवडे, आठवड्यातून एकदा अर्धा तास ऐका. ‘कर, ये, जा, दे, घे, हो, मर’ या धातूंची भूतकाळी रूपे तारखेसह नोंदवा. बरोबर रूपेही तितक्याच काळजीने लिहा. या काळात मुलाला एकदाही दुरुस्त करू नका. प्रत्येक रूपासमोर त्या वेळी मूल काय सांगत होते, ते एका ओळीत लिहा. ही ओळ रिकामी असलेली नोंद अपुरी समजावी.